शेकडा तीन

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे बी.ए. झाल्यावर पुढे काय, हे सांगणारे घरात कुणी नाही. एम.बी.ए.च्या सीईटीला कला शाखेची मुलेही बसू शकतात, हे मला ग्रंथालयाबाहेरच्या सूचनाफलकावरून कळले. २०२५ च्या परीक्षेत १५० मिनिटांत २०० प्रश्न होते. म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद! त्यांतले ५० गणिताचे, आणि सारी प्रश्नपत्रिका इंग्रजीत. गणिताशी माझा संबंध दहावीनंतर सुटलेला. पण चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत, एवढ्या आधारावर मी पाने सुटलेले एक पुस्तक घरी आणले. परीक्षा पुढच्या वर्षी, तृतीय वर्षाला असताना द्यायची. तेव्हा वेळ हाताशी होता.

पहिला अडसर गणिताचा नव्हताच, भाषेचा होता. प्रिन्सिपल म्हणजे आमचे प्राचार्य, एवढेच मला ठाऊक. पुस्तकात ते मुद्दल निघाले!

शेकडेवारीच्या धड्यात एक कोष्टक पाठ करायला दिले होते : साडेबारा टक्के म्हणजे एक अष्टमांश, साडेसदतीस टक्के म्हणजे तीन अष्टमांश, वगैरे. मी ते मोठ्याने घोकत होते. ओसरीवर आबा सुतळी वळत बसले होते. ते म्हणाले, "अगं, दोन आणे आन् सहा आणे म्हण की! एवढं काय घोकतीस?" मी बोटांवर मोजून पाहिले. सोळा आण्यांचा रुपया. दोन आणे म्हणजे साडेबारा टक्के, सहा आणे म्हणजे साडेसदतीस. आबांनी मग दहा आणे, चौदा आणे, सगळे सांगितले. आबा चौथीत असताना, १ एप्रिल १९५७ ला, रुपयाचे १०० नवे पैसे झाले आणि त्याच साली त्यांची शाळा सुटली. पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे सारे अपूर्णांकांचे पाढे त्यांच्या तोंडात अजून जसेच्या तसे आहेत. "सात दिढे साडेदहा" ते असे म्हणतात की जणू कुणी नातलगाचे नाव घ्यावे. त्या दिवसापासून संध्याकाळी आबा माझे मास्तर झाले. (ते चहाशिवाय शिकवीत नाहीत.)

नंतर सरळव्याजाचा धडा आला. पुस्तकातला दर द.सा.द.शे., म्हणजे दरसाल दर शेकडा. आमच्या गावात मात्र व्याज नुसते "शेकडा तीन" असे बोलतात. ते महिन्याचे असते, हे सगळ्यांना माहीत असते, म्हणून कुणी बोलत नाही. पुस्तकातल्या उदाहरणांत दर आठ, दहा, फार तर पंधरा टक्के. आमचा शेकडा तीन पुस्तकाच्या भाषेत छत्तीस टक्के झाला. मी पुढची उदाहरणे बाजूला ठेवली आणि आमचेच उदाहरण मांडले.

२०२३ च्या दुष्काळात अण्णांनी गावातल्याच एकाकडून, दिवाळीच्या सुमारास, ४०,००० रुपये घेतले होते. महिन्याला १,२०० व्याज. डिसेंबर २०२५ पर्यंत २५ हप्ते गेले, म्हणजे ३०,००० रुपये. मुद्दल चाळीसचे चाळीस!

वही मी अण्णांपुढे ठेवली. त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ठावं नव्हतं असं न्हाई. पर म्हैन्याचं बाराशेच दिसत्यात." आबा एकच शब्द बोलले, "दामदुप्पट." व्याज मुद्दलाहून जास्त घेता येत नाही, असा तो जुना नेम. चौतिसाव्या हप्त्याला आम्ही तोही ओलांडू.

आईच्या बचत गटात शेकडा एकने कर्ज मिळते, तेही राहिलेल्या मुद्दलावर. दहावीतली अंकगणिती श्रेढी इथे अचानक उपयोगी पडली. दरमहा २,००० मुद्दल फेडले तर २० महिने. पहिल्या महिन्याचे व्याज ४००, पुढे दर महिन्याला २० कमी, शेवटी २०. वीस पदांची बेरीज ४,२००. तेवढ्याच २० महिन्यांत गावात व्याजाचेच २४,००० जातील आणि मुद्दल उभेच. आई अक्षरे जुळवून जुळवून वाचते, पण ४,२०० आणि २४,००० हे दोन आकडे तिने पुन्हा वाचायला सांगितले.

अडचण ही की पहिला हप्ता २,४०० चा. बाराशेच जड जात होते, तिथे दुप्पट कुठून आणायचे? म्हैस नुकतीच व्याली आहे. आबांचा भरवसा दुधावर, अण्णांचा बार्शीच्या बाजारात जाणाऱ्या तुरीवर. माझा कुणावर, ते अजून ठरत नाही. सीईटीच्या क्लासचा विषय मी घरात काढलेला नाही.

गटाची बैठक येत्या १० तारखेला आहे. वीस ओळींचा हप्त्यांचा तक्ता मी आईला आखून दिला आहे. एवढ्या बायकांसमोर तो बोलून दाखवायचा म्हणून ती रोज भाकरी थापताना म्हणते : चोवीसशे, तेवीसशे ऐंशी, तेवीसशे साठ...