काळ्या दगडाचा धडा

प्राथमिक वर्गातील मुलांच्या मनात ज्वालामुखी म्हणजे शेंड्यातून धूर सोडणारा दूरदेशीचा डोंगर असतो. जाफराबाद तालुक्यातील मुलाला तो परका वाटणे स्वाभाविकच. वास्तविक आपला सारा मुलूख ज्वालामुखीनेच घडवला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून लाव्हारस वाहिला, थरावर थर साचले आणि त्यांचा काळा दगड झाला. त्याच दगडाच्या झिजेतून कपाशीची काळी माती झाली आणि त्याच दगडात अजिंठ्याची लेणी कोरली गेली. म्हणूनच हा विषय मी भूगोलाच्या एका तासापुरता कधी ठेवला नाही.

भाषेच्या तासाला मुलांनी पालकांना विचारून विहिरीतील थरांची नावे लिहून आणली: काळी माती, मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण. ही नावे विहिरी खोदणाऱ्या, खडी फोडणाऱ्या माणसांच्या तोंडी होती. मांजऱ्याला छिद्रे पडतात ती लाव्हारसातील वायूच्या बुडबुड्यांमुळे, हे मी सांगितले. तो पहारीने फुटतो, पण एकसंध पाषाणाला सुरुंगच लावावा लागतो, हे एका विद्यार्थ्याने सांगितले. आपले वडील निरक्षर आहेत असे एरवी खालच्या आवाजात सांगणारा तो मुलगा त्या दिवशी फळ्यापाशी उभा राहून वडिलांचे ज्ञान वर्गाला शिकवत होता.

गणिताच्या तासाला एका वर्षाला एक मिलिमीटर असे प्रमाण धरून आम्ही सुतळी मोजली. शंभर वर्षांचे आयुष्य १० सेंटिमीटर, तथागतांचा काळ सुमारे अडीच मीटर. लाव्हारसाच्या काळापर्यंत पोहोचायला मात्र ६६ किलोमीटर सुतळी लागली असती. मग आम्ही इतिहासाकडे वळलो. अस्पृश्यतेचा उगम इ. स. ४०० च्या सुमारास झाला, असे बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात मांडले आहे. ती खूण सुतळीवर दोन मीटरांच्या आतच आली. महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह तर वीतभरही दूर नव्हता. जे अनादी म्हणून आपल्या पूर्वजांवर लादले गेले, त्याची लांबी चौथीच्या मुलांनी स्वतःच्या हातांनी मोजली. एका मुलीने विचारले, “सर, म्हणजे दगड आधीचा आणि जात नंतरची?” उत्तर देण्याची वेळ माझ्यावर आली नाही, साऱ्या वर्गाने एका आवाजात होकार दिला.

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आज अध्यापन करीत असतील. त्यांनी आपापल्या गावच्या दगडापासून धडा सुरू करून पाहावा. पालकांना माझी एकच विनंती आहे. मूल सुटीत घरी आले की त्याला विहिरीपाशी न्या आणि तुम्हाला ठाऊक असलेला एकेक थर नावानिशी दाखवा. ते ज्ञान आमच्या वर्गाला हवे आहे.