बाजाराची घंटा

न्यूयॉर्कच्या शेअरबाजारांत सकाळीं साडेनवास घंटा वाजते व दुपारीं चारास पुन्हा. पूर्वीं तेथें चिनी थाळीवर टोल देत; १९०३ सालीं नव्या वास्तूंत पितळी घंटा आली. तेथील सकाळ ती आपली सांज. आमचा पुतण्या दिवेलागणीसच फोन घेऊन बसतो. वाढलेलें ताट निवून जातें. आमचें आयुष्य शाळेच्या घंटेवर गेलें. पहिली घंटा सर्वांसच ऐकूं येते. शेवटची ऐकून हात आवरतो तो शहाणा. पूजेंतील घंटा देवांस बोलावते, राक्षसांस घालविते, असें मानितात. बाजाराची दुसरी घंटा लोभासाठींच असावी. परंतु ती येथें मध्यरात्र उलटल्यावर वाजते! म्हणून रोज रात्रीं नवास देवघरांतील घंटा वाजविण्याचें आम्हीं ठरविलें आहे. पुतण्या उठतो कीं नाहीं, पाहावयाचें.