पार्कर, फॉक्स, स्मिथ आणि आमच्या आजोबांची दुनळी

माझा एक वर्गमित्र अमेरिकेत कनेक्टिकटला असतो. परवा त्याने शेजारच्या म्हाताऱ्याच्या जुन्या दुनळीचा फोटो पाठवला. 'पार्कर' कंपनीची. खाली प्रश्न, "तुझ्या आजोबांच्या बंदुकीपेक्षा भारी आहे का रे?" झालं, दोन रात्री वाचनात गेल्या.

(अमेरिकेतल्या गोळीबाराच्या बातम्या मीच लावतो, त्यामुळे कमेंटमध्ये लगेच तुटून पडू नका. या पाखरं मारायच्या, दोन काडतुसांच्या बंदुका आहेत, बऱ्याचशा शंभरी ओलांडलेल्या.)

पार्कर त्याच कनेक्टिकटमधल्या मेरिडन गावची. मालक चार्ल्स पार्कर मूळचा कॉफी दळायची यंत्रं बनवणारा, पुढे गावाचा पहिला महापौर झाला. साधारण २ लाख ४२ हजार बंदुका निघाल्या. नाव सगळ्यात मोठं, मागणीही. पण आत पार्टांची गर्दी. त्या मानाने फिलाडेल्फियाची फॉक्स एकदम सुटसुटीत, आत मोजकेच भाग, बिघडायला फारसं काही नाहीच. थिओडोर रूझवेल्टने १९०९ साली आफ्रिकेत नेली ती हीच. २०१० मध्ये ती लिलावात ८ लाख ६२ हजार ५०० डॉलरला गेली. आता एवढे पैसे लोखंडाचे की रूझवेल्टच्या हाताचे, हे तुम्हीच ठरवा.

दिसायला मला सगळ्यात आवडली एल. सी. स्मिथ. यंत्रणा दोन्ही बाजूंच्या पोलादी पट्ट्यांवर, त्यावर सुंदर नक्षी. पण त्यासाठी लाकूड जास्त कोरावं लागतं, म्हणून जुन्या स्मिथच्या दस्त्याला पट्टीमागे हमखास चीर सापडते. गंमत म्हणजे या स्मिथने बंदुकीचा धंदा विकला आणि टाइपरायटरच्या मागे लागला. ज्या ब्राउन नावाच्या माणसाने त्याच्या बंदुकीचा खटका रचला, त्यानेच त्याचा टाइपरायटरही रचला! स्मिथ-कोरोना मधला स्मिथ तो हाच. आणि १९३४ मध्ये पार्कर विकत घेतली ती रेमिंग्टनने. आपल्याकडे डीटीपीवाले ज्या 'रेमिंग्टन' कीबोर्डवर मराठी बडवतात, ते नाव याच बंदूकवाल्यांचं. म्हणजे माझ्या पोटापाण्याचं मूळही शेवटी बंदुकीच्याच कारखान्यात निघालं.

पण मित्राला मी चौथंच नाव कळवलं. लेफेव्हर, सिरॅक्यूजची. बाहेर घोडे नसलेली दुनळी अमेरिकेत रुजवणाऱ्या पहिल्या लोकांत डॅन लेफेव्हर होता. त्याने बिजागरीच्या जागी गोळा आणि वाटीसारखा सांधा बसवला आणि त्याला एक स्क्रू दिला. वर्षानुवर्षं उघडमीट करून सांधा झिजला की स्क्रू थोडा पिळायचा, नळ्या पुन्हा घट्ट. आपली वस्तू एक दिवस झिजणार हे मान्य करून बनवणारा कारागीर. पुढे त्याच्याच नावाच्या कंपनीतून तो बाहेर पडला, कंपनी मात्र त्याचंच नाव लावून बंदुका विकत राहिली. फॉक्सच्या मालकाचंही तेच झालं.

आमच्या आजोबांची बारा बोअर नेमकी तिथेच गेली. पीकसंरक्षणाचा परवाना होता, रानडुकरं हाकलायला. मी बारा-तेरा वर्षांचा असताना बिजागरी ढिली झाली, बंद केली तरी नळ्या खुळखुळायच्या. तालुक्यातला एकमेव मिस्त्री म्हणाला, "हिला आता नवा सांधाच पायजे, तो मी कुठून आणू?" तरी प्रत्येक निवडणुकीला ती न चुकता ठाण्यात जमा व्हायची, पावती घेऊन. आजोबा म्हणायचे, "अरे, हिच्यातून बार काढला तर मीच मरंन, उमेदवाराला कशाला घाबरवता?"

ते गेल्यावर परवाना कुणाच्या नावावर करायचा यावरून काका आणि वडिलांचं बिनसलं, ते कायमचंच. बंदूक ठाण्यात जमा केली ती अजून तिथेच आहे. मागच्या निवडणुकीत बातमीसाठी ठाण्यात गेलो होतो, तेव्हा मालखान्याच्या दारातून दस्ता दिसला. आजोबांनी गुंडाळलेली तांब्याची तार तशीच होती. विचारणार होतो, पण त्या दिवशी ठाण्याबद्दलचीच बातमी करायची होती. गप्प बसलो.

पावती घरी ट्रंकेत आहे. काकांना फोन करायचाय.