खटला घडल्या गावीच चालावा

21 जून 2022 च्या रात्री अमरावतीचे औषध दुकानदार उमेश कोल्हे दुकान बंद करून दुचाकीवर घरी निघाले होते. मागच्या गाडीवर मुलगा आणि सून होती. रस्त्यातच गळ्यावर वार करून त्यांचा खून झाला. आधी लूटमारीचा प्रकार म्हणून त्याकडे पाहिले गेले. प्रेषितांविषयीच्या वक्तव्यामुळे वादात सापडलेल्या नूपुर शर्मा यांच्या समर्थनाचा मजकूर मोबाइलवर पुढे पाठवला म्हणून हा खून झाल्याचा आरोप नंतर पुढे आला. 2 जुलैला तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे, म्हणजे एनआयएकडे गेला, यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा लागला आणि त्याच वर्षी डिसेंबरात अकरा जणांवर मुंबईच्या विशेष न्यायालयात आरोपपत्र दाखल झाले. आरोपींची रवानगीही मुंबईला झाली. तपास केंद्राने हाती घेतला याला माझी हरकत नाही. अशा गुन्ह्याचे धागे एका ठाण्याच्या हद्दीत मावत नाहीत. पण तपास कोणी करायचा आणि खटला कुठे चालवायचा, हे दोन प्रश्न निराळे आहेत. दहशतवादाचा खटला होता होईतो घटना घडली त्याच जिल्ह्यात चालावा आणि कच्च्या कैद्यांनाही तिथल्याच कारागृहात ठेवावे, असे माझे ठाम मत आहे.

अमरावती ते मुंबई हे अंतर साडेसहाशे किलोमीटरहून जास्त आहे. अमरावतीजवळच्या भातकुलीचा एखादा माणूस अशा खटल्यात पंच किंवा साक्षीदार आहे असे समजा. समन्स आले की त्याला अमरावती नाहीतर बडनेऱ्याहून रात्रीची गाडी धरायची, सकाळी अनोळखी शहरात उतरायचे, न्यायालय शोधायचे, दिवसभर बाकावर बसायचे. त्या दिवशी आरोपीचा वकील आला नाही किंवा आधीच्या साक्षीदाराची उलटतपासणी लांबली की पुढची तारीख घेऊन परतायचे. दिवस सोयाबीन सोंगणीचे असतील तर तीन रोजची मजुरी बुडालीच. खारपाणपट्ट्यातल्या एका पिकावर वर्ष काढणाऱ्या घराला हे परवडत नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. त्यात ती पायरी मुंबईला असली तर साक्ष द्यायची उमेद दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच मावळते. मालेगावचे पाहा. 29 सप्टेंबर 2008 च्या भिक्कू चौकातल्या स्फोटात सहा जण गेले, खटला मुंबईत चालला, तीनशेहून अधिक साक्षीदार तपासले गेले, त्यातले तीसहून अधिक फितूर झाले आणि 31 जुलै 2025 रोजी सातही आरोपी सुटले. साक्षीदार अंतरामुळे फिरले असा दावा मी करणार नाही, कारणे पुष्कळ असतील. पण सतरा वर्षे आपली साक्ष टिकवून धरायला माणसाला जे बळ लागते, ते गावापासून तोडलेल्या खटल्यात कुठून मिळणार? ज्यांची माणसे गेली त्यांना तर न्यायालयात काय चालले आहे हे वर्तमानपत्रातूनच कळत राहिले.

यावर पहिला आक्षेप सुरक्षेचा असतो, आणि तो पोकळ नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये अमरावतीने दंगल, संचारबंदी आणि बंद पडलेले इंटरनेट पाहिले आहे. अशा शहरात हा खटला चालवला तर प्रत्येक तारखेला बंदोबस्त लावावा लागेल, न्यायाधीशांवर दडपण येईल, साक्षीदाराला शेजारीच धमकावतील, असे म्हणतात. पण 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतरच्या मुंबईहून जास्त तापलेले शहर कोणते होते? तरीही जिवंत पकडलेला हल्लेखोर कसाब याचा खटला त्याच शहरात चालला. आर्थर रोड कारागृहातच न्यायालय उभे केले, कोठडीपासून तिथवर स्फोटाला दाद न देणारा बोगदा बांधला. वकील मिळेना, तर न्यायालयाने नेमून दिला. सीएसटीवर पायाला गोळी लागलेली दहाएक वर्षांची मुलगी कुबडीच्या आधाराने आली आणि तिने आरोपीकडे बोट दाखवले.  न्यायाधीश ताहलियानी यांनी मे 2010 मध्ये कसाबला दोषी ठरवले आणि त्याच निकालात पुरावा पुरेसा नाही म्हणून दोन भारतीय आरोपींना सोडलेही. घटनेपासून निकालापर्यंत दीड वर्ष लागले. याउलट अमेरिकेने 11 सप्टेंबरच्या हल्ल्याच्या सूत्रधारांवर न्यूयॉर्कमध्ये खटला चालवायचे नोव्हेंबर 2009 मध्ये जाहीर केले, सुरक्षेचा आणि राजकारणाचा गदारोळ होताच एप्रिल 2011 मध्ये माघार घेतली आणि प्रकरण ग्वांटानामोच्या लष्करी आयोगाकडे दिले. 2025 उजाडले तरी मुख्य आरोपी खालिद शेख मोहम्मदवर निकाल नव्हता. सुरक्षेचा खर्च टाळायला निघालेल्या बलाढ्य देशाला न्यायच करता आला नाही.

दूर नेण्याचा तोटा फक्त पीडितांनाच होतो असे नाही. यूएपीएच्या कलम 43ड(5) मुळे आरोप वरकरणी खरा वाटला तरी जामीन जवळजवळ बंद होतो. म्हणजे कोठडीचा काळ ठरतो तो खटल्याच्या वेगावर. एनआयए कायद्याचे कलम 19 सांगते की विशेष न्यायालयाने कामकाजाच्या दिवसांत रोजच्या रोज सुनावणी घ्यावी. जामीन नाकारताना पहिले कलम काटेकोर पाळले जाते, तारखा देताना दुसरे विसरले जाते. सर्वोच्च न्यायालयाने 2021 च्या नजीब प्रकरणात खटला लांबला तर जामीन देता येतो असे म्हटले, तेही याच दुखण्यावर. आता रोज सुनावणी घ्यायची तर साक्षीदार रोज हाताशी हवेत, आणि ते आपल्या मुक्कामापासून तासाभराच्या वाटेवर असले तरच हाताशी राहतात. कैद्यांना लांब ठेवण्याचेही तेच. 2006 च्या मुंबई लोकल स्फोटांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने 21 जुलै 2025 रोजी बाराही दोषींना निर्दोष ठरवले तेव्हा त्यातले काही जण अमरावती आणि नागपूरच्या कारागृहांतून पडद्यावर निकाल ऐकत होते. घरापासून शेकडो किलोमीटर लांब, एकोणीस वर्षे आत. एकजण 2021 मध्ये करोनाने नागपूरच्या कारागृहातच वारला. सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांनी त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत द्यायला स्थगिती दिली, पण कोणाला परत आत टाकले नाही. यातून त्या स्फोटांतल्या मृतांच्या घरच्यांना काय मिळाले? आरोपीला लांब आणि दीर्घकाळ डांबले म्हणजे पीडिताला न्याय मिळाला, ही समजूत या एका खटल्याने खोटी पाडली.

कुणी म्हणेल, प्रत्येक जिल्ह्यात विशेष न्यायालय कसे काढणार, तिथे अनुभवी न्यायाधीश आणि सरकारी वकील कुठून आणणार? काढायची गरजच नाही. एनआयए कायद्याच्या कलम 12 नुसार विशेष न्यायालय स्वतः होऊन किंवा सरकारी वकिलाच्या अर्जावरून नेहमीची जागा सोडून दुसरीकडे बसू शकते. न्यायाधीश तेच, फाइल तीच, बदलते ती बैठकीची जागा. धमकीची भीती असेल तर कलम 17 खाली साक्षीदाराचे नाव गुप्त ठेवता येते, दार बंद करून साक्ष घेता येते. दिल्ली-मुंबईचे तज्ज्ञ आणि तांत्रिक पुराव्याचे साक्षीदार दूरदृश्य प्रणालीवरून बोलू देत. कैद्याला पडद्यावर आणायला जी यंत्रणा चालते ती तज्ज्ञालाही चालेल. अमरावतीत जिल्हा न्यायालय आहे, मध्यवर्ती कारागृह आहे. पंच, पोलीस शिपाई, शेजारचे दुकानदार यांच्या साक्षी असलेले महिने तरी मुंबईच्या न्यायाधीशांनी इथे येऊन बसावे. त्यासाठी सरकारी वकिलाचा एक अर्ज पुरतो, आणि तो आला नाही तर कायद्याने न्यायालयालाही त्याची वाट पाहायला लावलेले नाही.