नाव मोठं, चौकटी कमी

आजचा विषय जरा कोरडा आहे. घरच्या मंडळींनी तरीही शेवटपर्यंत वाचावं, कारण ‘तू दिवसभर संगणकापुढे बसून नेमकं करतोस काय?’ या प्रश्नाचं थोडंसं उत्तर यात सापडेल. जे ब्लॉगमित्र कॉलेजात सी भाषा शिकलेत त्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळले तरी चालतील.

विषय एवढाच: संगणकाच्या मेमरीत एका जागेचा मजकूर दुसऱ्या जागी उतरवून घेणे. बस्स. ऐकायला शाळेतल्या शुद्धलेखनाइतकं सोपं. पण सीमध्ये हे सुरक्षितपणे कसं करावं यावर चांगली चांगली माणसं कित्येक वर्षं भांडत आली आहेत.

पॅन कार्डाचा फॉर्म आठवा. एका चौकटीत एक अक्षर. समजा नावाला २० चौकटी आहेत आणि त्यांना लागूनच, त्याच ओळीत, जन्मतारखेच्या चौकटी. आता लिहायला बसलेल्या माणसाला रेघा दिसतच नाहीत. समोर दिलेलं नाव संपेपर्यंत लिहीत सुटायचं, एवढंच त्याला ठाऊक. नाव २५ अक्षरांचं निघालं की शेवटची पाच अक्षरं जन्मतारखेच्या उरावर! सीमधलं स्ट्रकॉपी नावाचं फंक्शन म्हणजे हाच माणूस. त्याला ‘कुठून’ आणि ‘कुठे’ या दोनच गोष्टी सांगायच्या असतात. ‘जागा किती?’ हे विचारायची त्याला सोयच नाही.

मग नाव संपलं हे त्याला कळतं कसं? मजकुराच्या शेवटी शून्य किमतीचा एक बाइट ठेवलेला असतो, आपल्या पूर्णविरामासारखा. तो दिसला की थांबायचं. म्हणजे २० अक्षरांचं नावसुद्धा २० चौकटींत मावत नाही, पूर्णविरामाला एकविसावी लागते. या एका चौकटीपायी किती लोकांच्या रात्री गेल्या असतील ते देवच जाणे.

हे असं का केलं, याची कारणं सीचे जनक डेनिस रिची यांनी १९९३ साली लिहिलेल्या सीच्या इतिहासात दिली आहेत. बीसीपीएल या पूर्वज भाषेत मजकुराच्या सुरुवातीलाच त्याची लांबी नोंदवलेली असे. पण ती नोंद एवढ्याशा जागेत बसवली की मजकुराच्या लांबीवरच मर्यादा येते. शिवाय दर वेळी आकडा सांभाळण्यापेक्षा शेवटी खूण करणं त्यांना सोयीचं वाटलं. म्हणून बी भाषेत आणि पुढे सीमध्ये शेवटची खूण आली. मला यात काही मूर्खपणा दिसत नाही. यंत्रं लहान होती, मेमरी महाग होती, आणि लिहिणारे वापरणारे बहुतेक एकाच इमारतीतले. नाव किती लांब असणार हे त्यांना ठाऊक होतं, कारण नाव त्यांचंच होतं.

पुढे यंत्रं एकमेकांना जोडली गेली आणि नाव परक्याकडून येऊ लागलं. २ नोव्हेंबर १९८८ ला रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने एक प्रोग्राम इंटरनेटवर सोडला. तो आपोआप एका यंत्रातून दुसऱ्यात पसरत गेला. शिरायच्या त्याच्या वाटा अनेक होत्या. त्यातली एक ‘फिंगर’ या सेवेतून जाई. तिथे आलेला मजकूर ठेवायला ५१२ बाइटांची जागा होती, आणि मॉरिसने ५३६ बाइट पाठवले. त्या जागेच्या पलीकडे कुणाची जन्मतारीख नव्हती. ‘हे काम आटोपलं की पुढे कुठे जायचं’ तो पत्ता होता. पत्ताच बदलला म्हटल्यावर घर परक्याच्या ताब्यात गेलं. तिथे स्ट्रकॉपी नव्हतं, गेट्स हे त्याच्याच कुळातलं फंक्शन होतं. तेही ‘जागा किती’ विचारत नाही. सीच्या २०११च्या प्रमाण आवृत्तीतून ते अखेर काढून टाकलं. स्ट्रकॉपी मात्र अजून नांदतंय.

आता कुणीही म्हणेल, मग किती जागा आहे ते सांगा की त्याला! तर तसं एक फंक्शन जुनंच आहे, स्ट्रएनकॉपी. नावात एक ‘एन’ जास्त, म्हणजे किती बाइट ते सांगायचं. जुना कोड नीटनेटका करायला घेतला की लोक सरसकट स्ट्रकॉपी खोडून तिथे हे घालतात आणि ‘सुरक्षित केलं’ म्हणून निर्धास्त होतात. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की आता ती ओळ दिसली की आपोआप थांबतो. कारण हे फंक्शन या कामासाठी जन्मलेलंच नाही. जुन्या युनिक्समध्ये फाइलच्या नावाला नेमके १४ बाइट असत. नाव लहान असेल तर उरलेल्या जागी शून्यं भरायची, आणि नाव बरोबर १४चं असेल तर शेवटी पूर्णविराम नाही. अशा ठरावीक मापाच्या खणांसाठी ते होतं. ते सांगितल्यापेक्षा जास्त चौकटी भरत नाही हे खरं, पण नाव मोठं निघालं तर पूर्णविरामही देत नाही. मग ते नाव वाचायला येणारा पुढचा माणूस पूर्णविराम शोधत थेट शेजारच्या घरात! संकट टळलं नाही, लिहिणाऱ्याकडून वाचणाऱ्याकडे सरकलं.

हे पाहून १९९८ साली ओपनबीएसडीच्या टॉड मिलर आणि थिओ डी राट यांनी स्ट्रएलकॉपी आणलं. ते मावेल तेवढंच लिहितं, पूर्णविराम देतं, आणि मूळ नाव किती लांब होतं तो आकडा परत सांगतं. आकडा जागेइतका किंवा जास्त आला तर समजायचं, नाव कापलं गेलं. किती शहाणं! तरीही लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या ग्लिबसी या संग्रहात ते यायला २०२३ साल उजाडलं. मधली वर्षं वादात गेली.

नाकारणाऱ्यांचा मुद्दा मला सुरुवातीला हट्टी वाटायचा, आता तसा वाटत नाही. ते म्हणत होते की परत आलेला आकडा कुणी बघितलाच नाही तर? नाव मुकाट्याने कापलं जाईल आणि प्रोग्राम कापलेलंच खरं मानून पुढे चालेल. कल्पना करा, ‘कागदपत्रं’ नावाच्या फोल्डरात ‘कचरा’ नावाचा फोल्डर आहे आणि हुकूम आहे ‘कागदपत्रं/कचरा पुसून टाक’. जागा कमी पडली, पत्ता ‘कागदपत्रं’वरच तुटला. शेजारची एकही चौकट बिघडली नाही, पूर्णविराम जागच्या जागी आहे, आणि आयुष्यभराची कागदपत्रं गेली. मेमरीच्या दृष्टीने सगळं सुरक्षित!

लिनक्सच्या गाभ्यात २०१५ साली स्ट्रएसकॉपी आलं ते यावर आणखी एक पाऊल पुढे होतं. नाव मावलं नाही तर ते आकडा न देता सरळ चूक म्हणून सांगतं. शिवाय स्ट्रएलकॉपीला लांबी सांगण्यासाठी मूळ मजकूर शेवटपर्यंत वाचावाच लागतो, मग त्या मजकुरालाच पूर्णविराम नसला तर काय? स्ट्रएसकॉपी तसं भरकटत नाही. २०२४ साली आलेल्या ६.८ या आवृत्तीत गाभ्यातून स्ट्रएलकॉपीला रजाही मिळाली. पण मला जास्त आवडलं ते लिनस टोरवाल्ड्सचं वागणं. स्ट्रएसकॉपी स्वीकारतानाच त्यांनी बजावलं होतं की आता उठून सगळीकडे जुनं खोडून नवं घालत सुटू नका, अशा सरसकट बदलांतूनच नव्या चुका शिरतात.

मला वाटतं, सगळ्या वादाचं सार इथे आहे. गेली कित्येक वर्षं आपण ‘सुरक्षित फंक्शन’ शोधतोय, जणू ते एकदा सापडलं की आपली सुटका. पण फंक्शन फार तर शेजाऱ्याला वाचवेल. नाव मावलं नाही तर काय करायचं, हे त्याला कुठून कळणार? जास्त जागा मागायची, काम थांबवायचं, की कापलेलं चालवून घ्यायचं? पडद्यावरच्या शीर्षकाची दोन अक्षरं कमी झाली तर बिघडत नाही. पासवर्ड, फाइलचा पत्ता, औषधाचं नाव कापलं तर बिघडतं. तो मजकूर कुणासाठी आहे आणि कशासाठी, हे ज्याला ठाऊक आहे त्यानेच हे ठरवायचं असतं.

आणि मराठी माणसाला तर हा प्रश्न लवकर गाठतो. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. ‘कुलकर्णी’ इंग्रजीत लिहिलं तर आठ बाइट, मराठीत चोवीस. १६ बाइटांच्या जागेत इंग्रजी कुलकर्णी ऐसपैस बसतात. मराठी कुलकर्णींचं ‘कुलकर’ होतं. अन्नपूर्णाबाईंच्या नावाचं ‘अन्नप’. श्रीकृष्णाला पूर्णविरामासकट २८ बाइट हवेत. २५ दिले तर ‘श्रीकृष्’ एवढंच उरतं, हलन्त हवेत लोंबकळत. आणि काप चिन्हाच्या मधोमध पडला तर शेवटी नुसता काळा चौकोन किंवा प्रश्नचिन्ह. फंक्शन बाइट मोजतं, अक्षरं मोजत नाही. ज्याने १६चा आकडा लिहिला त्याच्या मनात अन्नपूर्णाबाई कधी आल्याच नव्हत्या.

म्हणून हल्ली दुसऱ्याचा कोड तपासताना मी फंक्शनचं नाव शेवटी बघतो. आधी तीन गोष्टी विचारतो. जागेचं माप नक्की त्या जागेचंच आहे ना? (पुष्कळदा ते मूळ मजकुराचं असतं, म्हणजे पिशवी मोजून डबा ठरवल्यासारखं.) परत आलेलं उत्तर कुणी वाचतंय का? आणि नाव मावलं नाही तर काय करायचं, हे कुणी ठरवलंय का? पहिल्या दोन प्रश्नांना बरे कंपायलर आता थोडीफार मदत करतात. चुकीचं माप दिलं की इशारा देतात. तिसऱ्याला कुणी मदत करत नाही. तिसरा विचारला की बैठकीत बहुतेक वेळा शांतता पसरते, मग कुणीतरी म्हणतं, ‘एवढं मोठं नाव येतच नाही हो.’

येतं. भारतात तर रोज येतं. वडिलांचं नाव, आजोबांचं, गावाचं, सगळं घेऊन येतं. आपण चौकटी आखतो तेव्हा समोर माणूस नसतो, एक आकडा असतो. पण पुढे त्या चौकटींत कुणाचं तरी नाव बसायचं असतं. ते मावत नसेल तर निदान ‘मावत नाही’ एवढं मोठ्याने सांगायला हवं. मुकाट्याने कापणं हा त्यातला सगळ्यात सोपा मार्ग आहे, आणि म्हणूनच त्याच्यावर सगळ्यात जास्त लक्ष ठेवावं लागतं.