वय कोणाला सांगायचे?

माणसाचे वय किती, हे विचारणारा कोण आहे त्यावर ठरते. मुलगी पाहायला गेलेला वर तिशीच्या पुढे जायला तयार नसतो. नोकरीच्या वेळी शाळेच्या दाखल्यात दोन वर्षे कमी निघाली, तर घरात पेढे येतात. पण ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना एस.टी. मोफत झाली आणि आमच्या मोताळ्याच्या स्टँडवर वय वाढवण्याची चढाओढ लागली. कालपर्यंत मिशांना कलप लावणारे मलकापूरच्या गाडीत कंडक्टरला पांढरे केस दाखवू लागले. कंडक्टर केस पाहत नाही, आधार कार्ड पाहतो.

बी.कॉम.ला आम्हाला घसारा शिकवला होता. यंत्र जुने झाले की दरसाल त्याची किंमत कमी धरायची. गुडघ्यांना आणि दातांना हा नियम बरोबर लागू पडतो. स्वभावाला मात्र चक्रवाढ व्याज! तरुणपणी सभेत माइक न सोडणारा सत्तरीत काठी टेकत येतो, आणि माइक तरीही सोडत नाही.

आपल्यातले बरेच म्हातारे १ जूनला जन्मलेले असतात. शाळेत नाव घालताना गुरुजींनीच ती तारीख टाकलेली. पण ज्यांनी शाळाच पाहिली नाही, त्यांचे काय?

आमच्या वस्तीतल्या एका आजीच्या आधारवर जन्म १ जानेवारी १९५६ चा आहे. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला ती बापाबरोबर नागपूरला दीक्षेला गेली होती. म्हणजे कागदाप्रमाणे नऊ महिन्यांची! "नऊ महिन्याचं लेकरू बापाचं बोट धरून चालते काय रे बापू?" ती विचारते. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेली, तेव्हा तिच्या पदरात दोन पोरे होती. कागदाने तेव्हा ती सोळाची.

दर महिन्याला डोळ्यांच्या औषधासाठी ती राजूर घाट चढून बुलढाण्याला जाते. २०२३ पासून बायांना अर्धे तिकीट आहे, तेवढेच. तेही श्रावणबाळच्या पैशांतून. दुरुस्तीला गेली तर पुरावा मागतात. सोबतची माणसे गेली, पुरावा कोण देणार?

परवा तिचा अर्ज पुन्हा भरायला बसलो. जन्मतारखेच्या रकान्याशी थांबून विचारले, "आजी, काय लिहू?"

"तारीख चौदा ऑक्टोबर लिव," ती म्हणाली, "साल तुह्या सायबाले जे पाह्यजे ते."