प्रमाणित करण्यात येते की...

माणूस जन्माला आला की आईबापांना एक प्रमाणपत्र मिळते आणि गेला की मुलाबाळांना दुसरे. ही दोन्ही त्याच्या स्वतःच्या काही उपयोगाची नसतात. म्हणून असेल, पण मधल्या काळात तो जमतील तेवढी प्रमाणपत्रे गोळा करीत हिंडतो. मी स्वतः पस्तीस वर्षे मास्तरकी केली. ज्या पोराने फळ्याकडे वळलेल्या माझ्या पाठीवर खडू मारला, त्याच पोराला वर्षअखेर 'वर्तणूक : चांगली' असे त्याच खडूने माखलेल्या हाताने लिहून दिले. तेव्हा दाखला या वस्तूविषयी माझ्या मनात फारसा भक्तिभाव उरलेला नव्हता.

निवृत्तीनंतर आम्ही कोनला राहायला आलो. कोन म्हणजे भूमितीतला नव्हे, भिवंडी तालुक्यातला. कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडून खाडीपलीकडे आलात की आमचे गाव. भूमितीतल्या कोनाला दोन भुजा असतात, तशा आमच्याही कोनाला आहेत. एक कल्याणकडे जाते, दुसरी भिवंडीकडे, आणि दोन्हींवर ट्रक उभे असतात.

2023 साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि जुनी दप्तरे उघडली गेली. उघडल्यावर लक्षात आले की पुष्कळसा मजकूर मोडीत आहे आणि मोडी वाचणारी माणसे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. मला आजोबांच्या कृपेने मोडी येते. आजवर घरात या विद्येची किंमत 'ह्यांना काय, कसलेही किडेमुंग्या वाचता येतात' एवढीच होती. ती एकाएकी वाढली. एका संस्थेने माझा आठ आठवड्यांचा ऑनलाइन मोडी वर्ग ठरवला. नातवाने मोबाईल पुस्तकांच्या चळतीवर उभा करून दिला, सौ.ने कुकरच्या शिट्ट्यांची वेळ बदलली आणि मी पडद्यावर प्रकट झालो.

पहिल्या दिवशी 52 विद्यार्थी हजर होते. मी मोठ्या उत्साहाने सांगू लागलो, की मोडीत आधी शिरोरेघ ओढायची आणि मग तिला अक्षरे टांगायची, दोरीवर धोतरे वाळत घालावीत तशी. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद इथे पाळत नाहीत, हे ऐकून पुष्कळांचे चेहरे उजळले. मग मी विचारले, "काही शंका?"

"सर, सर्टिफिकेट मिळणार ना?"

दुसरी शंका : "सर, त्याच्यावर क्यूआर कोड असेल ना?"

तिसरी शंका कुणाला नव्हती.

दोष त्यांचा नाही. 2020 च्या टाळेबंदीत घरबसल्या दहा प्रश्नांची उत्तरे ठोकली की प्रमाणपत्र ईमेलने येई. आमच्या सौ.ला हात धुण्याविषयीचे असे एक आले होते. त्या अजूनही भांडी मला घासायला लावताना त्याचा दाखला देतात. सगळीकडेच असे असते असे मात्र नाही. आयआयटीवाल्यांच्या एनपीटेलमध्ये शिकणे फुकट, पण प्रमाणपत्र हवे तर परीक्षेची फी भरून केंद्रावर जावे लागते. गृहपाठाच्या 25 पैकी 10 आणि परीक्षेच्या 75 पैकी 30 गुण पडले तरच कागद हाती येतो. आमच्या संस्थेचा नियम सुटसुटीत होता : बारा तास हजेरी आणि शेवटी पर्यायी उत्तरांची चाचणी. पर्यायी उत्तरांत मोडी! म्हणजे पोहण्याची परीक्षा टॉवेलवर घेण्यासारखे झाले.

हजेरी यंत्र घेई. मलाही यंत्राच्याच यादीवर विसंबावे लागे. त्या यादीत माणसे थोडी आणि उपकरणे फार. 'आईचा फोन' नियमित येई. 'ऑफिस लॅपटॉप' उशिरा येऊन लवकर जाई, जे त्याच्या नावाला शोभूनच होते. आणि 'रेडमी नोट 8' हा विद्यार्थी एकही दिवस चुकला नाही. कॅमेरा बंद, आवाज बंद. मधूनच मागे यंत्रमागाची खडखड ऐकू आली की मी ओळखे, रेडमी हजर आहे.

माझ्या मेव्हणीचा मुलगाही वर्गात होता. वर्ग सुरू करून फोन टेबलावर ठेवायचा आणि आपण व्यायामशाळेत जायचे, ही त्याची अध्ययनपद्धती. चाचणीची उत्तरे त्याला मित्राकडून मिळाली. त्याला 94 टक्के पडले.

शेवटी संस्थेने माझी सही मागितली, तीही एकदाच. कागदावर करून फोटो पाठवायचा. बाकी यंत्र चिकटवील. पूर्वी निकालपत्रांवर सह्या करताना हात दुखायचा आणि दुखता दुखता प्रत्येक नावावर नजर पडायची. आता मी एक सही केली आणि 41 जण मोडीत पारंगत झाले. त्यांत नावाच्या रकान्यात 'हो' असे लिहिणारे कोणी होते. 'श्री. हो यांनी अभ्यासक्रम यशस्वीरीत्या पूर्ण केला' असे खाली माझ्या सहीने प्रमाणित झाले आहे. भाच्याचे प्रमाणपत्र मेव्हणीने चौकटीत बसवून घेतले. पेढे आले. मी खाल्ले, हेही कबूल केले पाहिजे.

रेडमी नोट 8 चे नाव यादीत नव्हते. चाचणीच दिलेली नव्हती.

चार दिवसांनी दारात एक साठीपुढचे गृहस्थ उभे राहिले. गावातलेच, दोन गल्ल्या पलीकडचे. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद.

"मास्तर, मी रोज असायचो. नातीच्या मोबाईलवर."

"रेडमी?" माझ्या तोंडून निघून गेले.

"हा. ती परीक्षा काय मना जमली नाय. पन ह्यो कागद तुमच्यासमोर वाचायचा हाय."

खाडीकाठचा एक तुकडा चुलत घराने बळकावला, असे त्यांच्या घरात तीन पिढ्या चालत आले होते. दोन्ही घरांत जाणे-येणे नव्हते. पुरावा म्हणून हा कागद ट्रंकेत जपलेला, आणि वाचता कुणालाच येत नव्हता. शके 1853 चा, म्हणजे 1931 च्या सुमाराचा. मी वरून नजर टाकली आणि गप्प राहिलो. कारण मला कळले होते.

ते बोट ठेवून अक्षर अक्षर लावू लागले. मोडीत शब्द सुटे नसतात. ते मधेच अडत, मागे जात, पुन्हा निघत. अर्धा तास गेला. चहा गार झाला. शेवटून तिसऱ्या ओळीवर बोट थांबले.

"रा...जी...खु...शी...ने." मग बराच वेळ काही नाही. "आज्यानंच इकली की, मास्तर. पोरीच्या लग्नासाठी."

आता गंमत पाहा. ती ओळ गावात वाचू शकणारी माणसे दोनच, एक मी आणि एक ते. त्यांनी कागदाची घडी करून पुन्हा ट्रंकेत टाकली असती, तर मी काही दवंडी पिटणार नव्हतो. मी तसे डोळ्यांनी सुचवलेही असावे. मास्तर असलो तरी शेजारी आहे मी.

दुसऱ्या दिवशी ते तो कागद घेऊन चुलतभावाच्या घरी गेले.

"मग? काय म्हणाले ते?"

"काय म्हननार? चाय पाजला."

त्या रात्री मी संस्थेला ईमेल लिहायला बसलो. यादीत एक नाव वाढवा म्हणून, आणि खरे म्हणजे एक कमी करा म्हणूनही. वाढवणे नियमात बसत नव्हते आणि कमी करणे मेव्हणीच्या भिंतीवर बसले होते. म्हणून मी एक कोरा कागद घेतला, शिरोरेघ ओढली आणि मोडीत लिहिले : प्रमाणित करण्यात येते की, अमुक अमुक यांस मोडी वाचता येते. खाली स्वतःच्या हाताने सही केली. क्यूआर कोड नाही.

सकाळी नेऊन दिले. "मना काय करायचा ह्या वयात?" म्हणाले, पण चष्मा काढला. पुन्हा ते बोट, पुन्हा ती अक्षरे. मी परीक्षा द्यायला बसलेल्या पोरासारखा समोर उभा.

"मास्तर," त्यांनी मान वर केली, "बापाचं नाव चुकलंय."

पाहिले तर खरोखरच चुकले होते. मी दुरुस्त करून दिले. 41 प्रमाणपत्रे गेली, पण एकाही विद्यार्थ्याने आजवर माझी चूक काढली नव्हती.